गजादादाचा दम आणि आमचा घसा

माझ्या आवाजाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं काही खोटं वाटायला नको. आमच्या पाड्याच्या बांधावर उभी राहून मी बापूंना जेवायला हाक मारली, की बापू तर यायचेच, शिवाय खाडीतून उरणकडे निघालेली एखादी होडीही वळून यायची, कारण तांडेलाला वाटायचं आपल्यालाच बोलावलं. एकदा तर माझ्या हाकेसरशी चिंचेवरचे तीन कावळे आणि चिंचेखालची एक शेजारीण अशी चार जणं भुईवर आली. शेजारीण पाय घसरून पडली असं आई शेवटपर्यंत सांगत राहिली, पण कावळ्यांचं काय म्हटलं, की चुलीकडे वळायची. हा आवाज काही मी मागून घेतला नव्हता. आमचं घर मिठागरावर राबणारं. पनवेलच्या खाडीकडेला नजर पोचेल तिथवर खाऱ्या पाण्याचे चौकोन, मधून वीतभर रुंदीचे बांध, आणि माणसं एकमेकांपासून इतकी लांब की साधं ‘पाणी आण’ म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून म्हणावं लागे. आमच्याकडे मूल रडलं की दाई म्हणायची, “मोठ्यानं रड, बाय, मिठागरावर जायचं हाय.” मी तिचं जरा जास्तच मनावर घेतलं, इतकंच.

घरात आम्ही चौघं. बापू, आई, माझा थोरला भाऊ गजादादा आणि मी, मथुरा. पण मथुरा म्हणून मला हाक मारलेली फक्त शाळेच्या हजेरीत, एरवी सगळ्या पाड्याची मी मथी. दिवस उजाडायचा तो फळीच्या आवाजाने. लांब दांड्याची लाकडी फळी ओढून बापू आणि गजादादा पाण्याखालचं मीठ गोळा करायचे, आणि तो खर्रर्र-खर्रर्र आवाज माझ्या कानांत अजून आहे. घरात तांदळाची भाकरी थापल्याचा आवाज, बाहेर फळीचा, आणि दोन्हींचा ताल कधीकधी असा जुळायचा की आईला वाटायचं, तिकडे बापू तिच्या भाकरीवर मीठ ओढतायत. जेवायला सुकट, कधी चिंबोऱ्यांचं कालवण, थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी. मडक्याच्या बुडाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा आणि मीठ, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पहिली शेंग उघडल्यावर जो वास येतो ना, तो बाटलीत भरता आला असता तर मी आज मुंबईला अत्तराचं दुकान काढलं असतं.

आणि थंडी म्हणजे हुतूतू. भाताची कापणी झाली, शेतं मोकळी झाली, की प्रत्येक पाड्याचे सात-सात गडी चड्डीला गाठ मारून उभे. आता कबड्डी म्हणतात, गादीवर खेळतात, बूट घालतात. आमच्या वेळी ढेकळं फोडून, पाणी मारून, शेणाने सारवून मैदान करायचं, आणि चढाईला जाणारा ‘हुतूतू हुतूतू’ करत एका श्वासात समोरच्यांत घुसायचा, शिवायचा आणि तोच श्वास टिकवून मधल्या रेषेला परत लागायचा. मध्ये श्वास घेतला, आवाज तुटला, की ‘दम सुटला’ आणि गडी बाद. तो दम सुटला की नाही, हे ठरवणारा पंच. तो कशावरून ठरवतो? कानावरून. हे वाक्य वाचणाऱ्याने जरा लक्षात ठेवावं. आम्ही ठेवलं नव्हतं, म्हणून तर हे प्रकरण लिहावं लागतंय.

माझा गजादादा चढाईचा गडी. असा की, चढाईला निघाला तर समोरच्या सातांना सात दिशांना सात गजादादा दिसायचे. आणि आमचा पाडा त्याच्यामागे इतका वेडा, की सामन्याच्या दिवशी मिठागर ओस. वेडाचे प्रकारही घराघरातले वेगळे. बापू सामना बघताना तोंडात टॉवेलाचं टोक धरायचे आणि चावायचे. एका हंगामात त्यांनी दोन टॉवेल नि तिसऱ्याची किनार खाल्ली. आई तर मैदानावर यायचीच नाही. एकदा म्हणे ती घरी कालवण ढवळत असताना कुणी येऊन सांगितलं, गजा बाद झाला. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी चुलीवरच्या कालवणात ती डाव घालून ढवळायची नाही. सामना संपून निरोप येईस्तोवर कालवण आपलं बुडाला लागत बसलेलं. जिंकलो तर करपलेलं जेवायचो आनंदाने, हरलो तर करपलेलं जेवायचो गपचूप. मला पंधराव्या वर्षापर्यंत वाटायचं की चिंबोऱ्यांना मुळातच धुराचा वास असतो.

आणि मी? मी ओरडायचे. गजादादाने रेषा ओलांडली की ‘गऽऽजादादाऽऽ!’ जी मी सुरू करायचे, ती तो परत येईस्तोवर. माझ्या मागे सगळा पाडा. त्या काळी पाड्यात माणसं चारशे, पण आवाज हजारांचा. त्यात गजादादा मला म्हणायचा, “मथे, पकडलं ना मला, की डोल्यांत माती जाते, काय दिसत नाय. तुजा आवाज कुटनं येतो तिकडं मी सरकतो. तू मधल्या पाटीवर, रेषेच्या टोकाला, उबी रावत जा.” म्हणजे मी नुसती ओरडणारी नव्हते. मी खाडीच्या तोंडावरचा दिवा होते. हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगत फिरायचे.

त्या वर्षी पळस्प्याच्या संघाशी दोन सामने ठरले. पहिला आमच्याकडे, महिन्याने दुसरा त्यांच्याकडे. आणि पहिल्या सामन्याला मुंबईच्या एका गिरणीचा मुकादम यायचा होता. गिरणीचा आपला हुतूतूचा संघ होता, त्यात एक गडी कमी होता, आणि त्या एका जागेसाठी मुकादमाच्या डोळ्यांपुढे दोन नावं: आमचा गजा आणि पळस्प्याचा बुधाजी. हा बुधाजी पकडीचा गडी. त्याने घोटा धरला की म्हैसही खुंट्याला बांधल्यासारखी उभी राहायची. संघात घेतलं म्हणजे गिरणीत नोकरी पक्की. आमच्या घरात या नोकरीला ‘गिरणीची नोकरी’ म्हणतच नसत. आई म्हणायची ‘कोरड्या पायांची नोकरी’. बापूंचे पाय खाऱ्या पाण्याने असे फाटले होते की भेगांत सुतळी ओवावी. रोज संध्याकाळी आई त्यांत मेण वितळवून घालायची आणि बापू दातांत टॉवेल धरायचे. चावायची सवय त्यांना मुळात तिथूनच. गजादादाच्या टाचांना तेव्हा पहिल्या भेगा पडायला लागल्या होत्या. आई त्याच्या टाचांकडे बघत राहायची. सामन्याच्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, “मथे, आज जोरान वरड. माज्या पोराचे पाय कोरडे रावदे.”

आईची आज्ञा! आयुष्यात प्रथमच मला कुणी जोराने ओरड म्हणून सांगितलेलं. मी सकाळी खडीसाखर खाल्ली, आलं चघळलं, आणि मैदानाच्या मधल्या पाटीवर जाऊन उभी राहिले. पंच म्हणून शाळेतले गुरुजी. दोन्ही गावांचा त्यांच्यावर विश्वास, कारण दोन्ही गावांतल्या पोरांना त्यांनी सारखंच बडवलं होतं. मुकादम काळी टोपी, काळी छत्री घेऊन खुर्चीवर बसलेला. सामना असा रंगला की शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे, आणि चढाई गजादादाची. तो घुसला, दोघांना शिवला, वळला, आणि बुधाजीने घोटा धरला. वर आणखी दोघं पडले. गजादादा मातीत पालथा, रेषा चार हातांवर. आणि मी सोडला आवाज. “गऽऽजादादाऽऽ! इकडंऽऽ! माज्याकडंऽऽ!” माझ्या मागे पाडा सुटला, आसपासच्या पाड्यांतली धरून सहाशे माणसं एका घशाने. आमच्या ओरडण्याने सारवलेल्या जमिनीला तडे गेले, असं मी नातीला सांगते, ती हसते. तिला काय माहीत. त्या आवाजावर गजादादा इंच इंच सरकला, हात लांबवला, बोटं रेषेला लागली, आणि आम्ही टोप्या उडवल्या.

गुरुजींचा हात वर. शिट्टी. “दम सुटला! गडी बाद!”

टोप्या खाली यायच्या आत आम्ही गुरुजींच्या भोवती. कुणी म्हणालं गुरुजी बहिरे झाले. पण ते काही खरं नव्हतं. गुरुजींना मागच्या बाकावर कुणी पेरू खाल्लेला फळ्याकडे तोंड असताना ऐकू जायचा, आणि तो कच्चा की पिकला हेही ते सांगायचे. बापू तोंडातला टॉवेल काढून म्हणाले, “गुरुजी, पोराचा दम नाय सुटला! त्यो बोलत व्हता!”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “बोलत असेल. मी त्याच्या तोंडापाशी वाकलो होतो. मला ‘हुतूतू’ ऐकू आलं नाही. ऐकू आली ती फक्त ही.” आणि त्यांनी बोट केलं ते माझ्याकडे.

सहाशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले सगळेच होते, पण बोट एकटीकडे होतं, आणि बोट एकीकडे असलं की बाकीच्यांना बरं असतं. मुकादम उठला, छत्रीची माती झटकली आणि शेजारच्याला म्हणाला, “पोरगा चपळ हाय. पण दम कमी.” झालं. दम कमी! गजादादाचा! तुम्ही खाडीला म्हणाल का, पाणी कमी म्हणून?

त्या दिवशी कालवण करपून काळं झालेलं. गजादादा जेवलाच नाही. तो उठला, अंगणातल्या पाण्याच्या पिंपाशी गेला आणि मानेपर्यंत डोकं आत घातलं. आई म्हणाली, “अगो बाय, यो काय करतो!” बापू म्हणाले, “रावदे. मोज.” मग आईने एक भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, फुगवली, तरी हा आतच. दुसरी थापायला घेतली तेव्हा डोकं बाहेर काढून म्हणाला, “दम कमी हाय काय माजा?” पाणी निथळत होतं, त्यामुळे रडतोय की काय ते कळत नव्हतं. मला त्याने एकही शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन दिल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. तो फक्त म्हणाला, “मी ‘हुतूतू’ करत व्हतो गो, मथे. माजा मलाच आयकू येत नव्हता.”

दुसऱ्या दिवशी पाड्याची बैठक बसली आणि ठराव झाला: मथीला मैदानावर बंदी. पोरं मला येताजाता ‘मिठाचा खडा’ म्हणायला लागली, दुधात पडलेला. आणि महिन्याने पळस्प्याला परतीचा सामना, मुकादम पुन्हा येणार, पण आता बुधाजीला बघायला. गजादादाला जी काही संधी होती ती त्या एका दुपारची. तेव्हा बैठकीत दुसराही ठराव झाला, गजा चढाईला असताना सगळ्यांनी चूप बसायचं. आमच्यात शपथ घ्यायची ती मीठ उचलून. मुठीत मीठ धरून बोललेला शब्द मोडला तर हाताला खाज सुटते म्हणतात. सगळ्या पाड्याने मीठ उचललं. लगेच सरावाचा सामना लावला. गजादादा चढाईला गेला, दोन श्वास झाले नाहीत तो बापूच ओरडले, “सोडू नको, गज्या!” आणि मागे सगळा पाडा. त्या रात्री पाड्यात चारशे माणसं हात खाजवत झोपली. शौकीन माणसाला शपथेने गप्प करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याचं तोंड मनाच्या ताब्यात नसतंच. ते खेळणाऱ्याच्या पायाला बांधलेलं असतं.

आणि मग दोन दिवसांनी माझ्या तोंडात तो खडा गेला. मिठागरावर ढीग रचताना आई मला टाकून बोलत होती, म्हणजे नेहमीसारखंच, की असा आवाज घेऊन तुला कोण करून घेणार, नवरा पहिल्या हाकेला बहिरा होईल. मला उलट उत्तर द्यायचं होतं, पण गजादादा समोरच फळी ओढत होता, म्हणून मी रागाने समोरचा बोराएवढा मिठाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. तोंड भरलं पाण्याने. उघडलं तर सगळं बाहेर. आई म्हणाली, “बोल की आता.” मी मान हलवली. “अगो, बोल की!” मी गाल फुगवून नुसती बघत राहिले, डोळ्यांतून पाणी. आई हातातली टोपली तशीच धरून माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “आये गो, आज पयल्यांदा घरात शांतता झाली.” बापू पलीकडच्या चौकोनातून वळले. त्यांनी दातांतला टॉवेल काढून बघितला, मग मिठाच्या ढिगाकडे बघितलं. आमच्या घरातल्या अकला अशा एकमेकींना हात देत देत यायच्या.

पळस्प्याला आम्ही बैलगाड्यांनी गेलो. आमच्या पनवेलची चाकं सगळीकडे नावाजलेली, पण त्या दिवशी चाकांपेक्षा पोती महत्त्वाची होती: प्रत्येक गाडीत एक पोतं खडेमीठ. मला बंदी होती ती बापूंनी उठवली, कारण खडे वाटायला कुणी तरी हवंच की. मोठ्या तोंडाला मोठा खडा, लहान तोंडाला लहान, आणि मी स्वतःसाठी लिंबाएवढा ठेवला. गोवा रस्ता जिथे पुण्याच्या रस्त्याला सोडून निघतो तिथून जवळच एक शेत साफ करून मैदान केलेलं. आणि पळस्पेकर काही दुधखुळे नव्हते. पहिल्या सामन्यावरून तेही शिकले होते: ओरडलं की गजाचा दम पंचाला ऐकू जात नाही. एक उंच, काळासावळा, दात पुढे असलेला तरुण गोडेतेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन पुढे उभा, आणि त्याच्यामागे अख्खं गाव. गजादादाने पहिली चढाई केली. वाटेतल्या पाड्यांतली धरून आमची सातशे माणसं गाल फुगवून गप्प. आणि समोरून डब्याचा दणदणाट, आरोळ्या, शिट्ट्या. गुरुजी वाकले, अगदी गजादादाच्या तोंडाला कान लावला, आणि हात वर केला.

“दम सुटला!”

बघा आता. उघड उघड अन्याय. एरवी आम्ही मैदान उलथं केलं असतं. पण बोलणार कोण? तोंड उघडलं तर मिठाचं पाणी जाणार आणि पुन्हा गप्प बसायला काही उरणार नाही. सातशे माणसं जागच्या जागी. गाल फुगलेले, डोळे लाल, गालांवरून पाण्याच्या धारा, आणि सगळ्यांची नजर समोर. मुकादमाने खिशातलं घड्याळ काढून बघितलं. बापूंच्या मानेची शीर दोरखंडासारखी झाली, पण त्यांनी गिळलं. तेव्हा समोर काहीतरी झालं. पळस्प्याच्या पुढच्या रांगेत एक म्हातारी होती. तिने आमच्याकडे टक लावून बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “अरं, ही आगऱ्यांची माणसं. पंच उलटा गेला आणि ही गप्प? ही करणी हाय! करणी केली ह्यांनी!” शब्द मागे मागे गेला. काठीवाल्याने डबा हळूच वाजवला, मग आमच्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, लिंबाएवढा खडा, दोन्ही गाल टरारलेले, डोळे बाहेर. त्याच्या हातातला डबा खाली पडला. त्यानंतर पळस्पेकर जे गार पडले ते पडले. शेकडो माणसांचं मैदान, आणि बैलाने शेपूट झटकलेली ऐकू येत होती.

आमच्या गड्यांनी त्यांचे बाद केले, त्यांनी आमचे. गजादादा परत आत आला. आणि शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे. गजादादा मातीला हात लावून निघाला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाचा दम ऐकला. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी ओरडत होते, पण तो काय म्हणतो ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ‘हुतूतू-हुतूतू-हुतूतू’, जाड, एकसारखा, चक्कीच्या पट्ट्यासारखा फिरणारा. तो कोपऱ्यात गेला, एकाला शिवला, हूल दिली, दुसऱ्याला शिवला, वळला, आणि बुधाजी घोट्यावर पडला. त्याच्यावर ते शिवलेले दोघं, तिघं एकावर एक. गजादादा पालथा, डोळ्यांत माती, आणि रेषा कुठल्या बाजूला हे त्याला दिसेना. तो भलत्याच दिशेला सरकायला लागला.

मला सांगा, त्या वेळी मी काय करावं? माझ्या हाकेवर तो सरकायचा, आणि माझ्या हाकेनेच तो बुडाला होता. तोंडात समुद्र, छातीत हाक. मी पाय आपटला. पुन्हा आपटला. पायांत आईचे जड तोडे होते, ते मी मुद्दाम घालून आले नव्हते, पण आले होते हे खरं. छन्न. छन्न. छन्न. नुसता मधल्या पाटीवरून. मातीत तोंड खुपसलेला गजादादा क्षणभर थांबला, दम चालूच, आणि वळला. इकडे. तोड्यांकडे. दम आता बारीक झालेला, सुतासारखा, ‘हुतूतू… हुतूतू…’, पण तुटेना. गुरुजी त्याच्याबरोबर गुडघ्यांवर रांगत, कान त्याच्या तोंडाशी. बुधाजी ओढतोय, हा सरकतोय. एक हात. वीत. चार बोटं. सातशे, नव्हे हजार माणसं नाकाने श्वास घेतायत, सगळ्यांचा एकच आवाज. बापूंनी माझा दंड असा धरला की त्याचा वळ लग्नात दिसला. आणि मधलं बोट रेषेला लागलं. नुसतं नख.

गुरुजी उठले. कपाळावरची माती न पुसता म्हणाले, “दम शाबूत. तीन गडी बाद. सामना…” पुढचं कुणी ऐकलं नाही. हजार तोंडं एकदम उघडली, आमच्या सातशे गुळण्या आभाळात उडाल्या, आणि त्या शेतात पुढे दोन वर्षं भाताचा एक दाणा आला नाही. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही, कारण ते शेत माझ्या सासऱ्यांचं होतं. तो डबा वाजवणारा त्यांचा मुलगा. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी भांडण झालं की तो त्या दोन वर्षांच्या भातावरच यायचा.

मुकादम मैदानात आला. गजादादा बसून धापा टाकत होता. “काय रं, मागल्या टायमाला हा दम कुटं ठेवला होतास?” गजादादा म्हणाला, “दम तोच, मुकादम. आज तुमाला आयकू आला तो ह्यांच्यामुले,” आणि त्याने आमच्या लोकांकडे हात केला. सगळी थुंकत होती, खोकत होती, एकमेकांच्या पाठीवर मारत होती. मग तो माझ्याकडे आला. “मथे, आता का गप्प? जिंकलो ना! वरड की!” मी तोंड उघडलं. नुसती हवा. मिठाने जीभ सोललेली, घसा बसलेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून काही निघालं नाही. तो हसायला लागला, हसता हसता खाली बसला, आणि त्याने माझ्या तोड्यांवरची माती आपल्या हाताने पुसली. माझा आवाज आठ दिवसांनी आला. तेवढे दिवस आईने देवाजवळ रोज दिवा लावला. तो आवाज यावा म्हणून की येऊ नये म्हणून, ते मी विचारलं नाही.

गजादादा गिरणीत लागला. सणाला आला की आई आधी त्याच्या टाचा बघायची. गुळगुळीत, पुसलेल्या पाटीसारख्या. मुंबईत तो मोठमोठ्या मैदानांवर खेळला, म्हणायचा, “तिकडं लोक लई वरडतात, मथे. पन मला नाय वरडत, खेलाला वरडतात.” मला हे तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता वाटतं, बघणाऱ्यांशिवाय हुतूतू म्हणजे चौदा माणसांचं मातीतलं भांडण. पण बघणाराही असा हवा, ज्याला कधी ओरडायचं आणि कधी तोंडात मीठ धरायचं हे कळतं. बाकी नुसता गोंगाट. पाय कोरडे राहिले, पण गिरणीच्या साच्यांच्या, म्हणजे यंत्रांच्या, खडखडाटात तीस वर्षं उभं राहून दादाचे कान गेले. नवीन पनवेलला मुलाच्या ब्लॉकमध्ये असतो, चौथ्या मजल्यावर. सुनेने चांगलं कानात घालायचं मशीन आणलंय. तो ते डबीत ठेवतो.

गेल्या रविवारी गेले होते. टीव्हीवर कबड्डी लागलेली. चढाईचा गडी रेषेपलीकडे गेला, आणि इतक्या वर्षांची सवय, मी तोंड घट्ट मिटून घेतलं. गडी पकडला गेला, रेषेकडे सरकायला लागला. दादा टीव्हीकडे बघेना, माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होता. मग त्याने मला कोपराने ढोसलं.

“वरड ना गो,” तो म्हणाला. “हितं पंच कुटं हाय? आता मला आयकायचं हाय.”

मग मी ओरडले. खालच्या तिन्ही मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली.